तेरावीला बालभारती का नाही?

मा. मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बारावी कॉमर्सच्या मुलाला पुस्तपालन, चिटणिसाची कार्यपद्धती, वाणिज्य संघटन ही पुस्तके आज मोबाइलवर फुकट मिळतात. ई-बालभारतीवर जायचे, इयत्ता आणि माध्यम निवडायचे, पीडीएफ उतरवून घ्यायची. मराठी माध्यमाचीही सोय आहे, आणि सगळे कायदेशीर. तोच मुलगा तेरावीत आला की ही सोय बंद. मग दर सेमिस्टरला विषयागणिक खासगी प्रकाशनाचे पुस्तक घ्या, नाहीतर परीक्षेच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडून आयएमपी आणा, नाहीतर टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेली तिरकी स्कॅन वाचा. शालेय शिक्षण आपल्या खात्यात येत नाही, हे ठाऊक आहे. पण बारावीच्या निकालानंतर हा मुलगा आपल्याच खात्याचा होतो, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

मी तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवतो. जगात फुकट साहित्य नाही, अशी माझी तक्रार मुळीच नाही. सीए इन्स्टिट्यूट आपले पूर्ण अभ्याससाहित्य, अगदी फायनलपर्यंतचे, संकेतस्थळावर मोफत ठेवते. कायदा बदलला की सुधारणाही देते. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावर बीकॉम आणि एमबीएची पुस्तिका युनिटवार मिळते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने अकाउंटिंगचे दोन खंड आणि मॅनेजमेंटचे पुस्तक मुक्त परवान्याने (म्हणजे कुणीही फुकट वापरावे, बदलावे अशी मुभा देऊन) दिले आहे, आणि पुस्तके सुरेख आहेत. पण त्यांत हिशेब डॉलरमध्ये, उदाहरणे तिकडच्या कंपन्यांची आणि कर म्हणजे सेल्स टॅक्स. आपला जीएसटी आणि कंपनी कायदा २०१३ त्यात कुठून येणार? सीएचे साहित्य इंग्रजीत, काही हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला समायोजनाच्या नोंदी चांगल्या येतात, पण इंग्रजी परिच्छेद समोर आला की ती गाइड शोधू लागते. तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

संशोधनाचे तर विचारूच नका. एमकॉमच्या प्रोजेक्टला आमच्याकडे ठरलेला विषय म्हणजे पतसंस्थांची थकबाकी. मुलगी फोनवर शोधते. पहिल्याच दुव्यावर चांगला लेख सापडतो, सारांश वाचून होतो आणि खाली किंमत दिसते: तीस-चाळीस डॉलर, एका लेखाचे. तिथेच शोध थांबतो आणि मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट नाव बदलून पुन्हा बांधला जातो. गूगल स्कॉलर या संशोधनलेख शोधायच्या साइटवर त्याच लेखाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ दाबले, तर लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली मोफत प्रत पुष्कळदा सापडते. अर्थशास्त्र आणि वित्त या विषयांतले लेख छापून येण्याआधी एसएसआरएन या साइटवर ठेवण्याची रीतच आहे. हे तिला कुणी सांगितलेले नसते. रिसर्च मेथडॉलॉजीचा अख्खा पेपर आहे, त्यात सॅम्पलिंगचे प्रकार पाठ होतात. लेख शोधायचा कसा, याला तासच नाही.

आणि शोधगंगा, प्रबंधांचे मोफत संकेतस्थळ! आपल्याच विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध, काही चक्क मराठीत, सहकारावर, साखर कारखान्यांवर, बचत गटांवर. विद्यार्थ्याच्या विषयाला याहून जवळचे दुसरे काय असणार? पण प्रबंध उघडला की पुढे फायलींची रांग येते: शीर्षक एक फाइल, प्रमाणपत्र दुसरी, अनुक्रमणिका तिसरी, मग चॅप्टर एक, चॅप्टर दोन. कोणत्या फाइलमध्ये काय आहे ते उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि मुलांचा डेटा दिवसाला मोजून मिळतो. कुणी शेजारी बसून एकदा दाखवले तर दहा मिनिटांत जमते. आमच्या ग्रंथपाल बाई ते दाखवतात. पण किती कॉलेजांत ग्रंथपालाचे पद आज भरलेले आहे, हे आपल्या खात्याइतके कुणाला माहीत असणार?

आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे संशोधनाची नियतकालिके सरकारी खर्चाने संस्थांना वाचायला देणारी योजना. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. योजना चांगली आहे. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थाच घेतल्या. महाराष्ट्रात कॉमर्स शिकवतात ती बहुतेक कॉलेजे शिक्षण संस्थांनी काढलेली. अनुदानित कॉलेजात पगार सरकारी तिजोरीतून होतो, व्यवस्थापन मात्र संस्थेचे. म्हणून दार बंद. विनाअनुदानित तर त्याहून लांब. ज्या राज्याने खेड्यापाड्यांत संस्थांच्या जोरावर कॉलेजे उभी केली, त्याच राज्याला या अटीचा फटका जास्त बसतो, हे दिल्लीत कुणीतरी ठणकावून सांगायला हवे. पुढचा टप्पा ठरण्याआधी ते आपण सांगावे.

पण माझी मुख्य मागणी ती नाही. बीकॉमच्या पहिल्या दोन वर्षांचे जे विषय सगळ्या विद्यापीठांत जवळजवळ सारखे आहेत (वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, व्यवसाय कायदा, व्यवस्थापन, सांख्यिकी, कर), त्यांची मराठी पाठ्यपुस्तके राज्याने लिहवून घ्यावीत आणि मुक्त परवान्याने नेटवर ठेवावीत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तके मराठीसह अनेक भाषांत आणून ई-कुंभ पोर्टलवर मोफत ठेवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२४ मध्ये भारतीय भाषांतल्या पुस्तकांची ‘अस्मिता’ योजना जाहीर केली: पाच वर्षांत २२ भाषांत २२,००० पुस्तके. त्यात कॉमर्सचा मराठी वाटा मागून घ्यायला हवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे मराठीतून वाणिज्य शिकवण्याचा अनुभव आहे, लेखक आहेत. पाटी कोरी नाही.

मुक्त परवान्यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. छापील पुस्तकातला तो धडा एका रात्रीत शिळा झाला, आणि मुलांच्या हातात अजून तीच आवृत्ती आहे, कारण दुकानदाराला साठा खपवायचा आहे. परवाना मुक्त असेल तर सांगलीतला किंवा नांदेडचा एखादा शिक्षक तो धडा आठवड्यात दुरुस्त करील. उदाहरणेही आपली घालील: हळदीची अडत, दूध संघाचा ताळेबंद, मुंबईतल्या कंपनीचा वार्षिक अहवाल. कच्चा माल तर सरकारच छापते. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी मराठीत निघते, फुकट मिळते, आणि कॉमर्सच्या वर्गात ती क्वचितच उघडली जाते.

पुस्तके लिहून व्हायला वेळ लागेल, मान्य. तोवर एक काम बिनपैशाचे आहे. प्रत्येक पेपरच्या संदर्भसूचीत निदान दोन मोफत आणि कायदेशीर स्रोत, दुव्यासकट, छापण्याची विनंती विद्यापीठांना करावी. सध्या त्या यादीत जी पुस्तके असतात त्यांतली निम्मी आमच्या कपाटात नाहीत. अभ्यासमंडळे उन्हाळ्याच्या सुटीआधी बसतात. तोवर आपले पत्र कुलगुरूंकडे पोचले, तर येत्या जूनच्या अभ्यासक्रमात ही यादी छापून येईल.

आपला नम्र,
तालुक्याच्या कॉलेजातला वाणिज्याचा एक शिक्षक