सरासरी ७३ वर्षे, पण कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. या विषयावर तेव्हापासून जे छापून येते, त्यात दोन आकडे हमखास असतात: माणसे किती आणि सरासरी आयुर्मान किती. आयुर्मान सुमारे ७३ वर्षे. आकडा बरोबर आहे, पण वाचणाऱ्याचा त्यातून मोठा गैरसमज होतो.

जपानचे आयुर्मान ८४ च्या पुढे, आफ्रिकेतल्या चाड या देशाचे ५५ च्या आसपास. हे वाचून वाटते, की चाडमधली माणसे पंचावन्नाव्या वर्षी थकून जात असतील. तसे नाही. पिकल्या केसांची माणसे तिथेही आहेत. दोन भावंडांपैकी एक सत्तर वर्षे जगले आणि दुसरे पाळण्यातच गेले, तर सरासरी पस्तीस निघते. पण पस्तिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच गेलेले नसते! कमी आयुर्मानाच्या आकड्यात असे रिकामे पाळणे दडलेले असतात.

२०२२ मध्ये पाच वर्षांच्या आतली सुमारे ४९ लाख मुले दगावली. निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली. न्यूमोनिया, अतिसार, मलेरिया ही त्यातली मोठी कारणे, आणि यांतल्या एकावरही उपाय सापडायचा राहिलेला नाही. अतिसाराचेच पाहा: १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. आज हे कोणत्याही आईला घरी करता येते: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ.

अडते ते ‘स्वच्छ’ या शब्दापाशी. त्याच २०२२ साली सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी घरात मिळत नव्हते. वीस लिटरचा कॅन भरला की वीस किलोचा होतो. तो डोक्यावरून आणणारी बहुधा बाई किंवा मुलगी असते, आणि एवढे करून आणलेले पाणीही गढूळ असू शकते. त्या आईला कृती शिकवून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. १९९० मध्ये हेच बालमृत्यू सव्वा कोटीच्या घरात होते. लस, नळ, मच्छरदाणी जिथे पोहोचली, तिथे मुले जगली. म्हणून ‘गरीब देशांत असेच चालायचे’ हे वाक्य कानावर आले की मला राग येतो.

आपल्याकडे विनंती एवढीच, की यापुढे कोणत्याही देशाचे आयुर्मान छापाल, तेव्हा शेजारी तिथल्या दर हजार बाळांपैकी किती पाचव्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नाहीत, तेही छापावे. जागा एका ओळीचीच लागेल.

आपला,
एक नियमित वाचक