गाणं ऑनलाइन विकायचं, पण कुणाला?

महोदय,

मी अभंगांना चाली लावतो आणि घरच्याच खोलीत ध्वनिमुद्रण करतो. ‘स्पॉटिफायवर टाका, पैसे येतील’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण २०२४ पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. आमचं अख्खं भजनी मंडळ ऐकतं (काही जण निव्वळ भिडेखातर), तरी तिथवर मजल जात नाही.

बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रोता कलावंताकडून गाणं थेट विकत घेतो. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते घेतात, वर पैसे वळते करण्याचा खर्च. हिशेब सरळ आहे, अडचण गिऱ्हाइकाची! तिथले पैसे पेपॅल या ऑनलाइन सेवेमार्फत कलावंताकडे येतात, आणि पेपॅलने २०२१ मध्ये भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. आणि गड्ड्याच्या यात्रेत भजीसुद्धा यूपीआयवर घेणारा सोलापूरकर एका अभंगासाठी कार्डाचे आकडे भरत बसत नाही. म्हणून मी कार्यक्रम संपला की क्यूआर कोड पुढे करतो आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर देतो.

तुकोबांचे शब्द सर्वांचे, चाल मात्र माझी. मध्यंतरी एका कंपनीच्या करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं कलम दिसलं. मी सही केली नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’ या संस्थेचं सभासदत्वही घेता येतं. हे इथल्या किती कलावंतांना ठाऊक आहे? हुतात्मा स्मृती मंदिरात सत्कार भरपूर होतात. एखादी दुपार करार वाचायला शिकवण्यासाठी ठेवावी, आपल्या दैनिकाने पुढाकार घ्यावा. सतरंज्या मी उचलीन.

– एक संगीतकार, जुळे सोलापूर