आप्पा, आई पुन्हा मागच्या अंगणात बसू लागली

आप्पा, सप्रेम नमस्कार.

घरी येऊन बोलले असते, पण तुम्ही कौतुक ऐकलं की उठून झाडांकडे चालू लागता. म्हणून तुम्ही आमच्या अंगणाला करून दिलेल्या झाडांच्या आडोशाबद्दल चार लोकांसमोरच लिहिते. चोपड्यात, भुसावळात, धुळ्यात, जिथे कुठे नवीन कॉलनीत कुणाचं अंगण असं उघडं पडलं असेल, त्यांच्याही उपयोगी पडेल.

शेजारच्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी राहिली, तेव्हापासून आईने मागच्या दारी जाणं सोडलं होतं. आयुष्यभर मोकळ्या अंगणात धान्य निवडलेली, न्हाऊन उन्हात केस वाळवलेली बाई. वरच्या गॅलऱ्यांमधून कुणी मुद्दाम बघत नसेलही, पण तिचा पदर सारखा डोक्यावर जायचा. शेवटी ती आतच बसू लागली. मला ते बघवत नव्हतं. घाईघाईने मी एप्रिलमध्ये भिंतीला लागून उंच अशोकाची बावीस रोपं लावली. आपला मे तुम्हाला माहीतच आहे. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, मुळं उघडी पडली आणि सगळी रोपं करपली.

त्यानंतर तुम्ही आलात. मला वाटलं, आधी खड्डे बघाल. तुम्ही आईला विचारलंत, "माय, तू कोठे बठस?" तिने खाटेकडे बोट दाखवलं. तिला खाटेवर बसवलंत, भाच्याच्या हातात बांबू दिलात आणि बांबूला लाल फडकं बांधलंत. भाचा भिंतीशी उभा राहिला, तेव्हा दुसऱ्या मजल्याची गॅलरी झाकायला फडकं चौदा फुटांवर न्यावं लागलं. तोच खाटेपासून चार फुटांवर आला, तर साडेसात फुटांत काम झालं. मी वर्षभर भिंत उंच करायचा हिशोब करत होते, आणि तुम्ही आईच्या नजरेपासून मोजायला सुरुवात केलीत. अंगणाचा सगळा आराखडा त्या फडक्याने ठरवला.

खाटेजवळ लोखंडी पाइपांचा मांडव आणि त्यावर मधुमालती. पश्चिमेच्या भिंतीपासून दोन फूट सोडून मेंदीच्या दोन ओळी, एकेक फुटावर, एकीची रोपं दुसरीच्या फटीत येतील अशी. कोपऱ्यात कामिनी, तगर, जास्वंद. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू. कामिनी सावकाश वाढते, तोवर आडोसा हवा म्हणून तिच्यापुढे केळीची पाच रोपं. "मृगबाग लावू," म्हणालात, म्हणजे मृगाच्या पावसावरची केळीची लागण, आणि पाऊस जमिनीत नीट मुरेपर्यंत मला एक रोप लावू दिलं नाहीत. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून शेणखत आणि वाळू मिसळून फूटभर उंच वरंबे करून घेतलेत. त्यावर ठिबकची नळी, तिच्यावर केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तरी पुढच्या मे महिन्यात तो थर उचलून बघितला, तर खाली माती ओलसर होती. वर 44 अंश!

दोन गोष्टींवरून मी तुमच्याशी वाद घातला, त्या इथे कबूल करायलाच हव्यात. मला कोनोकार्पसचं झाड हवं होतं, वर्षात त्याची हिरवी भिंत होते म्हणून. त्याची मुळं गटारात शिरतात, असं सांगून तुम्ही ठाम नाही म्हणालात. मी मनात रुसलेच होते. त्याच वर्षी, 2023 च्या सप्टेंबरात, गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातल्याची बातमी वाचली आणि तुमची आठवण झाली. दुसरा वाद मेंदीच्या छाटणीचा. रोपं कशीबशी गुडघ्याला लागली होती आणि तुम्ही शेंडे खुडायला सांगितलेत. जीवावर आलं होतं. पण त्यामुळेच ती बुंध्यापासून दाट झाली. आज खालून मांजरसुद्धा वाट शोधत जातं.

आणि उत्तर बाजू. मला तीही बंद करायची होती. तुम्ही तिथे कमरेएवढाच कढीपत्ता आणि गवती चहा ठेवलात. "तिकडे कोणाचं घर नाही. सातपुडा आहे, तो कशाला झाकायचा?" असं म्हणालात. पावसाळ्यात डोंगर निळा-हिरवा होतो, तेव्हा आई तिकडे तोंड करून चहा पिते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली. दुपार कलल्यावर मी मागचं दार उघडलं, तर मांडवाखाली खाटेवर आई बसलेली, बहीण तिच्यापुढे खाली, आणि आई तिच्या केसांना तेल लावत होती. आईचे स्वतःचे केसही मोकळे, ओले, पाठीवर पसरलेले. पदर खांद्यावर. मधुमालतीची गुलाबी फुलं दोघींच्या अंगावर पडली होती. मी हाक न मारता तशीच आत आले.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. केळीचा पहिला घड दिला, तर त्यातली एकच फणी ठेवून घेतलीत. आता पिलबागेचा, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलांवरचा, घड भरत आलाय. कामिनीने माझा खांदा गाठला की केळी काढायची, असं तुम्हीच ठरवलं होतं. पण पिलं कोणती ठेवायची, कोणती कापायची, हे मला अजून नीट कळत नाही. तेवढ्यासाठी एकदा या. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा करायचं कबूल केलंय, आणि जेवायला मांडवाखालीच बसायचं आहे.

तुमची,
कॉलनीतली लेक