जंपसीट आणि पोलीस पडताळणीबाबत सूचना

सर्व वैमानिक सदस्यांनी नोंद घ्यावी. विमाननगरहून खराडीला घर बदललं असेल, तर नवा पत्ता कंपनीच्या सिक्युरिटी विभागाला आत्ताच कळवा. पोलीस पडताळणी अडली की बीसीएएसचा (नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा) विमानतळ प्रवेश-पास अडतो, आणि पासाशिवाय लोहगाव विमानतळाच्या गेटवर सीआयएसएफचा जवान ओळखीचा असला तरी सोडत नाही. सोडूही नये.

जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा सीट, हा हक्क नाही. कंपनीची परवानगी खिशात असली तरी शेवटचा शब्द कॅप्टनचाच. नाही म्हणाला तर वाद न घालता मागे बसावं. 2023 मध्ये मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवल्याबद्दल डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक नियामकाने) एका कॅप्टनचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं, कंपनीला 30 लाखांचा दंड वेगळाच. तेव्हा मेहुण्या-भाच्यांची हौस घरच्या सिम्युलेटरवर भागवा.

– सचिव