अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वाडीवार याद्या कराव्यात

महोदय,

घरोघरी जाऊन करोनाची लस देण्याच्या ‘हर घर दस्तक’ मोहिमेच्या बातम्या आपल्या दैनिकात या महिन्यात नियमाने येत आहेत. त्या वाचताना, ज्यांच्या दारावर खरोखरच दस्तक देण्याची गरज आहे अशा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पुणे जिल्ह्यातील एका वाडीवर आम्ही पाच जण राहतो. त्यापैकी चौघांचे दोन्ही डोस पूर्ण झाले आहेत. एकोणनव्वद वर्षांच्या आजीला अद्याप एकही मिळालेला नाही.

वडिलांचा पहिला डोस ८ एप्रिल २०२१ रोजी झाला. सहा ते आठ आठवड्यांनी या, असे कार्डावर लिहून मिळाले होते. परंतु १३ मे रोजी कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले आणि ते जुलैत पूर्ण झाले. माझी व पत्नीची वये पंचेचाळीसच्या आतली, त्यामुळे १ मेपासून ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी केल्याशिवाय आम्हाला लस नव्हती. आमच्या वाडीवर मोबाइलला रेंज मिळते ती देवळामागच्या टेकाडावर. तेथे उभे राहून ओटीपी येईपर्यंत आमच्याच आरोग्य केंद्राचे सगळे स्लॉट भरलेले असत आणि सकाळी रांगेत शहरातून गाड्या घेऊन आलेली तरुण मंडळी दिसत. त्यांनाही लस हवी होतीच, त्यांचा दोष मी मानत नाही. पुढे तुटवड्यामुळे राज्यात या वयोगटाचे लसीकरणच थांबले आणि आमचा नंबर जूनअखेरीस लागला.

आईला एप्रिलमध्ये करोना झाला होता. बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याचा नियम असल्याने तिची पाळी ऑगस्टमध्ये आली. तोवर गावच्या उपकेंद्रातच लस मिळू लागली होती. त्या दिवशी आई नववी होती. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी उघडल्यावर चार तासांत ती संपवावी लागते, म्हणून सिस्टर कुपी शीतपेटीत तशीच ठेवून दहाव्या माणसाची वाट पाहत बसल्या. शेवटी आशाताई बांधाबांधाने हिंडून, भाताच्या खाचरात बेणणी करणाऱ्या एका काकूंना घेऊन आल्या. त्यांच्या पोटऱ्यांवर चिखल होता, त्यांनी दंड पदराने पुसून पुढे केला आणि मगच कुपी उघडली गेली. लसीचा एक थेंबही वाया जाऊ नये यासाठी त्या दोघींनी केलेली ही धडपड मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

परंतु आजीची अडचणही याच कुपीपाशी येऊन थांबते. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून ती बसूही शकत नाही. जूनमध्ये शेजाऱ्यांच्या जीपमध्ये गादी घालून आम्ही तिला सात किलोमीटरवरच्या केंद्रावर नेले होते. डॉक्टर जीपपर्यंत येऊन लस टोचायला तयार होते, पण आमचा नंबर येण्याआधी त्या दिवसाचा साठा संपला. खडबडीत रस्त्याच्या हिसक्यांनी तिच्या पाठीवरच्या जखमा पुन्हा वाहू लागल्या, आणि त्यानंतर तिला हलवण्याचे धाडस आम्हाला झालेले नाही. घरी येऊन लस द्यावी अशी विनंती केली असता, एका माणसासाठी कुपी फोडली तर उरलेल्या नऊ डोसचे काय करायचे, असा प्रश्न आम्हाला विचारण्यात आला. तो प्रश्न चुकीचा नव्हता.

मुंबईत उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महापालिकेने जुलैअखेरीस अशा रुग्णांना घरी लस देण्यास सुरुवात केली. केंद्र सरकारनेही २३ सप्टेंबर रोजी अपंग व चालू-फिरू न शकणाऱ्यांसाठी घरपोच लसीकरणाची घोषणा केली. मे महिन्यासारखा तुटवडाही आता नाही. तेव्हा अडते ते केवळ आखणीपाशी. अंथरुणावरचा रुग्ण एकेकटा न मोजता, त्याच्या वाडीवरील पहिला डोस राहिलेले आणि दुसऱ्या डोसची मुदत उलटून गेलेले लोक त्याच्याबरोबर मोजले, तर दहाचा आकडा सहज भरतो. पथकाने आधी रुग्णाच्या घरी जावे आणि त्याला निरीक्षणाखाली ठेवण्याच्या अर्ध्या तासात त्याच ओसरीवर बाकीच्यांना लस द्यावी. आशाताईंकडे घरटी माहिती असतेच. गरज आहे ती या याद्या वाडीवार करण्याचा स्पष्ट लेखी आदेश जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने काढण्याची, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना देण्याची, कारण गेले दीड वर्ष त्यांच्यावर एकामागून एक कामे लादली गेली आहेत.

आमच्या वाडीवर मी स्वतः फिरून अशी यादी केली. आजीसह तीन जण अंथरुणावर आहेत, चौघांचा पहिला डोस राहिला आहे आणि तिघांचा दुसरा. ही दहा नावे, वय व आधार क्रमांकासह, मी गेल्या सोमवारी ग्रामपंचायतीत व उपकेंद्रात लेखी दिली आहेत. आरोग्य विभागाने तारीख कळवावी. त्या दिवशी दहाही जण घरी थांबतील याची जबाबदारी मी घेतो.

– एक वाचक, जि. पुणे
(नोव्हेंबर २०२१)