लक्षणांच्या यादीत क्रम कोण सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'मोटर न्यूरॉन डिसीज' या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराची ओळख करून देणारा लेख वाचला. या आजाराविषयी मराठीत इतक्या सोप्या भाषेत क्वचितच लिहिले जाते, आणि ज्यांच्या घरात तो आला आहे त्यांना आपली व्यथा कोणीतरी नीट मांडली याचे समाधान वाटले असेल. माझी तक्रार लेखाच्या शेवटी दिलेल्या चौकटीपुरती आहे. 'ही लक्षणे दिसल्यास सावध व्हा' अशा मथळ्याखाली तीत सात लक्षणे एकाखाली एक दिली होती आणि सर्वांत वर होते 'स्नायू फडफडणे'. हातातली ताकद जाणे चौथ्या क्रमांकावर होते, बोलणे जड होणे सहाव्या. दोन वर्षांपूर्वी अशीच एक चौकट मी दुसरीकडे वाचली होती आणि तिच्यापायी माझ्या आयुष्यातले पाच महिने गेले, म्हणून हे पत्र.

त्या दिवसांत माझी डावी पोटरी उडत असे. (आपल्या भाषेत डोळा 'लवतो' आणि वीराचे बाहू 'स्फुरतात', पोटरीच्या वाट्याला असा मानाचा शब्द आलेला नाही, ती नुसतीच उडते.) दुखत नव्हते, चालताना काही जाणवत नव्हते, फक्त आडवे पडले की कातडीखाली काहीतरी टपटपल्यासारखे होई. चौकट वाचल्यानंतर आठवडाभरात ती फडफड दंडात, मांडीत आणि ओठाच्या कोपऱ्यातही सुरू झाली. रात्री घरचे झोपले की मी मोबाइलची टॉर्च पोटरीवर तिरपी धरून बसत असे, कारण तिरप्या उजेडात कातडीची हालचाल सावलीसकट दिसते. एका मिनिटात किती वेळा उडते ते वहीत लिहून ठेवत असे. गुडघ्याखाली बॉलपेनने खूण करून दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, तेव्हा डावी अर्ध्या सेंटिमीटरने बारीक भरली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस सापडणे कठीण, ही साधी गोष्ट तेव्हा सुचली नाही. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का हेही पाहिले. ती थरथरली. बाहेर काढून ताणलेली जीभ कोणाचीही थरथरते आणि म्हणूनच डॉक्टर ती तोंडातच सैल ठेवायला सांगून तपासतात, हे मला फार उशिरा समजले.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्यांचे निदान बरोबर होते, तरी त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. पोटरी माझ्या डोळ्यांसमोर उडत असताना 'काही नाही' हे उत्तर पटणार कसे? ज्याने आजाराचे नाव शोधून काढले आहे त्याला 'काही नाही' म्हणणारा माणूस नीट न पाहणारा वाटतो, आणि तो त्याच रात्री पुन्हा इंटरनेटवर जाऊन बसतो. मीही तेच केले.

दुसऱ्या डॉक्टर मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्यासमोर मी चार पाने भरून टिपणे ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि एकच प्रश्न विचारला, "दोन महिन्यांपूर्वी जमत होते आणि आता अजिबात जमत नाही, असे एखादे काम सांगा." सदऱ्याची गुंडी, कुलुपातली किल्ली, बाटलीचे झाकण, जिना, एका पायावर उभे राहून विजारीत पाय घालणे, मी मनातल्या मनात सगळे आठवून पाहिले. एकही काम नव्हते. पाय जड वाटत होता, पण टाचांवर चालायला सांगितले तेव्हा मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. मग त्यांनी हातोडीने गुडघे आणि कोपर ठोकून पाहिले, तळपायावर कडेने रेघ ओढून अंगठा कोणत्या बाजूला वळतो ते पाहिले, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दाबून पाहिला आणि हे सगळे करत असताना आपण काय पाहतो आहोत तेही सांगितले. बरे होण्याची सुरुवात त्या सांगण्यातून झाली, असे मी मानतो.

त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे समजले ते आपल्या चौकटीत हवे होते. पाठीच्या कण्यातली एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून एक घटक होतो. तो घटक हुकुमावाचून, आपल्या मर्जीने क्षणभर आकसला की त्यालाच आपण फडफड म्हणतो. अशी फडफड धडधाकट माणसांतही सर्रास आढळते. जागरण, अतिश्रम, कॅफीन, दम्यावरची काही औषधे, वाढलेले थायरॉइड, रक्तातले कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी होणे आणि चिंता, यांपैकी काहीही तिला पुरते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये फडफड होते ती चेतापेशी मरत असल्यामुळे. पण तिथे ती एकटी राहत नाही. मेलेल्या पेशीचे पोरके स्नायूतंतू शेजारच्या पेशी काही काळ सांभाळतात, त्यांनाही ते झेपेनासे झाले की ताकद जाते आणि स्नायू झिजतो. रुग्ण येतो तो बहुधा हेच सांगत: पाऊल लोंबते, चप्पल पायातून निसटते, लेखणी धरवत नाही, बोलताना शब्द चिकटतात, पाणी पिताना ठसका लागतो. पाय 'जड वाटणे' आणि पाऊल खरोखर न उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चौकटीत त्या 'अशक्तपणा' या एकाच शब्दात बसवल्या आहेत. मुंग्या येणे आणि बधिरपणा यांचेही तसेच. या आजारात संवेदना बहुधा शाबूत राहते, त्यामुळे मुंग्या हे मुख्य गाऱ्हाणे असेल तर कारण शक्यतो दुसरीकडेच शोधावे लागते.

आपल्या लेखात ल्यू गेरिग आणि स्टीफन हॉकिंग या दोघांची नावे आली आहेत, आणि नेमकी तीच माझ्या बाजूने बोलतात. गेरिग हा अमेरिकेचा नामांकित बेसबॉलपटू. 1938च्या हंगामात त्याचा खेळ उतरू लागला आणि 1939मध्ये तिथल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयात निदान झाले. भौतिकशास्त्रज्ञ हॉकिंग विद्यार्थिदशेत अडखळू लागले, एकदा जिन्यावरून पडले. 1963मध्ये, वयाच्या 21व्या वर्षी, त्यांना आजाराचे नाव कळले. दोघांचीही सुरुवात जमणारी गोष्ट न जमण्यातून झाली. हॉकिंग 2018पर्यंत जगले हा अपवाद आहे आणि इतक्या लहान वयात आजार होणे हाही अपवादच. तो बहुधा पन्नाशीनंतर, साठीच्या आसपास गाठतो. वर्षाला लाखामागे साधारण एक ते तीन नवे रुग्ण, हे त्याचे प्रमाण.

त्याच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1993मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू फडफडतात, पण ताकद शाबूत आणि तपासण्या स्वच्छ, अशा 121 जणांचा त्यांनी मागोवा घेतला होता. कोणाचा दोन वर्षे, कोणाचा 32 वर्षांपर्यंत. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. पुढे तुरळक अपवादांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अपवादांवरून रात्री टॉर्च घेऊन बसायचे ठरवले तर कोणालाच झोप लागणार नाही. आणखी एक गोष्ट मला दिलासा देऊन गेली. या भीतीने डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थीही हमखास पछाडले जातात, इतके की या प्रकारावर वैद्यकीय नियतकालिकांत स्वतंत्र लिखाण झाले आहे. म्हणजे ही भीती अडाणीपणातून येत नाही. अर्धवट यादी हातात असली की जाणकारालाही ती धरते.

माझी ईएमजी तपासणी झाली. बारीक सुई स्नायूत घालून त्याची विद्युत हालचाल ऐकायची आणि पाहायची, असा तो प्रकार. थोडे दुखते, पण सोसवते. ती स्वच्छ निघाली. दीड महिन्याने मी ती पुन्हा करण्याचा हट्ट धरला तेव्हा डॉक्टरबाईंनी नकार दिला आणि तपासण्यांची भूक तपासण्यांनी भागत नाही असे सुनावले. त्याऐवजी त्यांनी मला चिंतेवर उपचार घ्यायला लावले. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले जाणे मला आधी अपमानासारखे वाटले, हे कबूल करतो. वही आणि टेप एका पेटीत घालून मी बायकोच्या स्वाधीन केली. तीन-चार महिन्यांत फडफड पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली नाही, आजही जागरण झाले की पोटरी उडते.

याचा अर्थ डॉक्टरांकडे जाऊच नये, असे मी म्हणत नाही. उलट ज्यांना हा आजार खरोखर असतो त्यांच्या निदानाला लक्षणे सुरू झाल्यापासून बहुधा वर्षभर लागते, आणि त्यांच्या हाती बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षेच असतात, हे पाहता तो विलंब क्रूर आहे. या आजारासारखाच दिसणारा, पण उपचाराने सुधारणारा एखादा चेताविकार किंवा मानेच्या मणक्यात दबलेला मज्जारज्जू वेळीच सापडला तर हातपाय वाचू शकतात. ज्याच्या हातातून पेला खरोखर निसटतो आहे, पण फडफड नाही म्हणून जो निश्चिंत बसला आहे, त्याचेही या चौकटीने नुकसानच केले आहे. माझ्यासारखा विनाकारण घाबरतो आणि ज्याने धावायचे तो घरी बसतो. दोघांचीही फसगत एकाच यादीतून होते.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी अशी चौकट छापताना तिच्या पहिल्या ओळीत लक्षण नको, प्रश्न असावा: आधी जमणारे कोणते काम आता जमेनासे झाले आहे, आणि ते आठवड्यागणिक अधिक अवघड होते आहे का? त्याखाली बोलणे, गिळणे, पकड, पाऊल आणि स्नायू उघड झिजणे यांना जागा द्यावी. फडफड सर्वांत खाली यावी आणि तिच्यापुढे 'वरीलपैकी काही असल्यास' एवढे तीन शब्द असावेत. आपल्या वैद्यकीय लेखकांना ही दुरुस्ती मान्य असेल तर ती पुढच्याच पुरवणीत, मूळ चौकट ज्या आकारात होती त्याच आकारात छापावी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक