यंदा दिवाळीला तीन पोरी घेऊन येतेय

आई, अण्णा,

फोनवर सांगितलं असतं पण अण्णांना नीट ऐकू येत नाही आणि आई निम्म्यातच फोन ठेवते, म्हणून लिहितेय. धाकट्याकडून वाचून घ्या.

यंदा दिवाळीला मी एकटी येत नाहीये, सोबत माझ्या कॉलेजातल्या तीन पोरी असतील, तिघी एफवायच्या. घाबरू नका, काही भानगड नाही. दिवाळीत हॉस्टेलची मेस बंद होते, खोल्या रिकाम्या करा म्हणतात, बाकीच्या पोरी बॅगा भरून गावाला पळतात आणि ह्यांच्या घराला कुलूप. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यात ना, एकीचे आईबाप कर्नाटकात, दोघींचे कोल्हापूरकडं. कोपीवर, फडाजवळच्या त्या झोपडीत, पाठवावं तर तिथं गेलेली पोर परत येईल ह्याचा भरवसा नाही, चार दिवस मोळ्या बांधायला थांब म्हणतात आणि मग पट्टा पडेपर्यंत, हंगाम संपेपर्यंत तिथंच. तुम्हाला काय सांगायचं हे.

लोकांना वाटतं असल्या पोरांचा प्रश्न फीचा. फीचा आहेच, पण खरी मारामारी कागदांची आहे. स्कॉलरशिपचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी साइटवर, त्याला ओटीपी लागतो, आधारला नंबर बापाचा, बाप उसाच्या फडात आणि फोन चार्जिंगला ट्रॅक्टरवाल्याकडं. एकीचा फॉर्म भरत बसलो तर बापानं रात्री फोन करून आकडा सांगितला, तोवर त्या ओटीपीचं तेरावं झालेलं. मग दुसऱ्या दिवशी वेळ ठरवली, तो माणूस तोड सोडून रेंज धरून बांधावर उभा राहिला, मागं टोळी नेणारा मुकादम बोंबलतोय ते मला इकडं ऐकू येत होतं, आणि हा शांतपणे एकेक आकडा, "सात मॅडम, परत सात". झालं एकदाचं. दुसरीचा उत्पन्नाचा दाखला काढायचाय तर रेशनकार्ड घरात पेटीत, पेटीची किल्ली आईच्या कमरेला आणि आई निपाणीच्या पलीकडं.

सरकारनं २०२१ ला संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी वसतिगृहांची योजना आणली, ४१ तालुक्यांत पोरांचं एक पोरींचं एक अशी ८२. चांगलंच केलं, पण ती तालुक्याला आणि ह्या पोरी आता पुण्यात.

अण्णा, नवराबायको मिळून एक कोयता, तसं मोठं झालेलं पोरगं म्हणजे अर्धा कोयता, हंगामाआधी उचल म्हणून आगाऊ पैसे देताना मुकादम ते मोजतोच. आणि पोरगी असली की लग्न लावून टाकलं की झाला पुरा कोयता, म्हणून तर ह्या तिघींतल्या एकीला पावसाळ्यातच बघून गेलेत. पहिलं वर्ष कसंबसं निघालं ना की बापच म्हणतो राहू दे आता, पण पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले की लगेच काय करायचंय शिकून, चल. म्हणून मी सगळा जीव पहिल्या वर्षावरच टाकते, पुढच्या वर्गातली पोरं बऱ्यापैकी आपलं आपण बघतात.

आई, तुला एक सांगते, अमेरिकेत पण आपल्यासारखी माणसं आहेत, हंगाम बघून गाव सोडणारी, द्राक्षं टोमॅटो तोडणारी, बरीचशी मेक्सिकोकडची. त्यांच्या पोरांसाठी तिकडच्या सरकारची १९७२ पासून योजना आहे, कॅम्प म्हणतात तिला, आणि ती कॉलेजच्या पहिल्याच वर्षासाठी आहे! पोरानं नाहीतर घरातल्या कुणी दोन वर्षांत ७५ दिवस शेतावर हंगामी मजुरी केलेली असली की बसतं त्यात. शिकवणी, सल्ला, थोडे पैसे, राहायचं बघणं, सगळं आलं. आपल्याकडं ७५ दिवस तर संक्रांतीच्या आधीच भरतात, पण इथं पोरांनी दहा खिडक्या फिरायच्या आणि मधे माझ्यासारखी एखादी भेटली तर भेटली.

आता अण्णा, तुमच्याकडं एक काम आहे. ज्या पोरीला बघून गेलेत तिच्या बापाशी फोनवर बोला, मी नंबर लावून देते. माझं तो हो मॅडम हो मॅडम करून ऐकून घेतो आणि करायचं तेच करणार. तुमचं आयुष्य गाडी सेंटरला, ऊस तोडून बैलगाडीनं ओढण्यात गेलं, तुमचं ऐकेल. माझं लग्न जमवायला मुकादमच मधे पडला होता तेव्हा तुम्ही बैल विकून त्याची उचल कशी फेडली, तेवढं सांगा. उपदेश करू नका फक्त, आणि ऐकू येत नसलं तर स्पीकरवर ठेवून धाकट्याला शेजारी बसवा.

आई, तू फार काही करत बसू नको. करंज्यांना त्यांनाच बसव, पाहुण्यासारखं वागवलंस तर अवघडतात बिचाऱ्या. एकीचा पेपर सुट्टी संपल्या संपल्या आहे, तिला सकाळी कामाला लावू नको, अभ्यासाला वरची खोली दे. तिथला बल्ब गेलाय, तेवढा बदलून घ्या. वसुबारसेला रात्रीच्या एसटीनं निघतोय, स्टँडवर कुणी यायची गरज नाही.

तुमची,
माई